जागेवर वाट आढळली नाही

आबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी मंडळाने फलक लावला. मध्ये आबांचा फोटो, दोन्ही बाजूंना हात जोडलेले मंडळाचे पदाधिकारी आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘माजी उमेदवार, विधानसभा’. माजी आमदार ऐकले होते, माजी सरपंच ऐकले होते. माजी उमेदवार हे पद मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. लोणावळ्याच्या शाळेत मराठी शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे फलक वाचून चिडण्याची मला सवय आहे. पण या फलकापुढे मी नुसतीच उभी राहिले. आबांबद्दल त्या जागी दुसरं काय लिहावं, हे मलाही सुचत नव्हतं. ‘मोजणी खात्यातले निवृत्त कर्मचारी’ असं लिहिता आलं असतं. पण ते आबांना अजिबात आवडलं नसतं आणि त्याचं कारण गल्लीत फक्त मला ठाऊक होतं.

सखाराम केदारी त्यांचं नाव. मूळचे मावळातल्याच एका खेड्यातले. जमिनीची मोजणी करत पाच-सहा तालुके फिरले आणि निवृत्त झाल्यावर मुलाकडे, आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरात राहायला आले. अंगाने काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, पायात टायरच्या जाडजूड चपला आणि पँटच्या उजव्या खिशात मूठभर चिंचोके. चालायला लागले की मनातल्या मनात पावलं मोजायचे. शंभर पावलं झाली की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. मुक्कामाला पोचल्यावर डावा खिसा पालथा करायचा आणि अंतर जाहीर करायचं. चालताना त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. सुनेने कोथिंबीर आणायला पाठवलं तरी परत आल्यावर आधी चिंचोके मोजणार, मग कोथिंबीर देणार. ती बिचारी फोडणी करपू नये म्हणून गॅस बंद करून उभी राहायची.

‘जवळ’ या शब्दावर तर त्यांचा विशेष राग. जवळ म्हणजे किती, हा प्रश्न त्यांनी दुधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना विचारलेला होता. माझ्या भाचीच्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर मी लिहिला होता आणि त्यात ‘कार्यालय घोरावाडी स्टेशनजवळ’ असं म्हटलं होतं. आबा लग्न लागून गेल्यावर पोचले. घामाने निथळलेले. मुलाचे वडील पुढे होऊन नमस्कार करणार, तेवढ्यात आबांनी त्यांच्या देखत खिसा उपडा केला आणि मला सांगितलं, “बाई, जवळ न्हाई. एकतीस चिंचोके हाये.” व्याह्यांचा चेहरा असा झाला, की आता हुंड्याबिंड्याचं जुनं काहीतरी निघतंय की काय. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आबा मात्र शांतपणे पंगतीला जाऊन बसले आणि मठ्ठ्याच्या दोन वाट्या प्यायले.

अशा माणसाला निवृत्त मोजणीदाराचं खूळ म्हणायचं आणि सोडून द्यायचं, असं सगळ्या गल्लीचं ठरलेलं होतं. माझंही.

एका सकाळी ते शंभर पानी वही घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, “बाई, जाहीरनामा लिवायचाय.” कुणाचा, म्हणून मी विचारलं. माझा, म्हणाले. मी हातातला कप आधी खाली ठेवला. मला वाटलं, गल्लीच्या सोसायटीची निवडणूक असेल. पण त्यांनी आमदारकीचा अर्ज भरला होता. कुठल्या पक्षाकडून, तर कुणाच्याच नाही. घरी विचारलंत का, तर मुलगा चार दिवस बोलत नव्हता आणि सून रडत होती. आबा, तुमचं वय काय, असं मी स्पष्टच विचारलं. त्यावर ते म्हणाले की वयाची अट खालून असते, वरून नसते. बरं, माणूस गंमत करतोय म्हणावं, तर चेहऱ्यावर हसण्याचा लवलेश नव्हता.

मी हो म्हटलं ते दोन कारणांनी. एक तर मला कुतूहल आवरेना. दुसरं म्हणजे बाकीच्या उमेदवारांची पत्रकं घरात येऊन पडली होती आणि त्यातलं शुद्धलेखन पाहून माझं डोकं उठलं होतं. निदान एक जाहीरनामा तरी धड मराठीत निघू दे, इतकाच माझा स्वार्थ. आबांना चिन्ह मिळालं चालण्याची काठी. जन्मात काठी न धरलेला माणूस, त्यामुळे गल्लीत हसू झालं.

प्रचार म्हणजे काय, तर रोज शाळा सुटल्यावर मी, आबा आणि वही. गावात जायचं, पारावर बसायचं. मळवलीच्या पुढच्या एका गावातला पहिला दिवस मला लख्ख आठवतो. उमेदवार आला म्हटल्यावर पंधरा-वीस पुरुष मंडळी जमली. त्यांची यादी तयार होती: गावाला कमान, देवळाला सभामंडप, तरुणांना व्यायामशाळा. आता आबा आश्वासन देणार आणि मी लिहून घेणार, म्हणून मी पेन काढलं. आबांनी यादी ऐकून घेतली आणि म्हणाले, “त्ये ऱ्हाऊ द्या. काल तुमी कुटं कुटं गेलता त्ये सांगा.”

मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. एकाला तर रागच आला. मी कुठे जातो याच्याशी तुमचा काय संबंध, असं तो म्हणाला. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मागे एक बाई उभी होती. एका बंगल्याची देखरेख करायची ती, कामावरून परत येताना थांबलेली. तिने सांगितलं. सकाळी मुलाला शाळेत धाडलं. एसटी शाळेची घंटा झाल्यावर येते म्हणून त्याला मळवलीपर्यंत चालवत नेऊन लोकलमध्ये बसवलं. मग रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी गावातल्या उपकेंद्रात गेली, तर कुलूप. म्हणून पुढच्या गावात गेली. आणि गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सासूच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा रिक्षा भुशी धरणाकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांत अडकली, ती दोन तास जागची हलली नाही. सासूचं काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि आबांनी विचारलं नाही. ते काटकीने मातीत तिच्या रस्त्यांच्या रेघा काढत होते. दुसऱ्या दिवशी त्यातली प्रत्येक रेघ ते स्वतः चालून आले.

“मानूस मागतो त्ये खोटं असू शकतं,” ते मला म्हणाले, “पर रोज चालत कुटं जातो त्ये खोटं नसतं.”

त्यांचा जाहीरनामा तयार झाला तो असा. ज्या कामाला लोकांना जास्त चिंचोके चालावं लागतं, ते काम यादीत वर. इतका साधा नियम. मोठमोठ्या पक्षांच्या पत्रकांत काय आधी आणि काय नंतर हे कसं ठरतं मला माहीत नाही, पण एखाद्या उमेदवाराने ते खिशातल्या चिंचोक्यांवर ठरवलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. उपकेंद्रात मुक्कामी राहणारी नर्स. एसटी शाळेच्या घंटेआधी. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी रस्त्याची एक बाजू गावच्या माणसांना आणि रुग्णवाहिकेला मोकळी. वही भरत गेली तशी माझी थट्टा कमी होत गेली. इतकी वर्षं मी या भागात राहते, येता-जाता या गावांच्या पाट्या वाचते, आणि इथली माणसं दिवसभर किती चालतात याची मला गंधवार्ता नव्हती. शाळेत उशिरा येणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं करत होते. त्यातली काही याच गावांतली होती.

उंबरटेकाची वाडी आम्ही केली ती सर्वांत शेवटी. गाव खाली, वाडी वर टेकाडावर, आणि मधल्या उतारावर एक ऐसपैस फार्महाउस. दगडी कुंपण, आत हिरवळ, फाटकाशी राखणदार. फाटकातून वर पाहिलं तर वाडीची घरं हाकेच्या अंतरावर. पण जायचं कसं, तर कुंपणाला वळसा घालून, खालच्या रस्त्याने डोंगराच्या पुढच्या सोंडेपर्यंत आणि तिथून चढून मागे. राखणदार आबांना ओळखत होता. मालक पुण्याला असतात, आतून या, असं तो आपणहून म्हणाला. माझे गुडघे तेव्हाही कुरकुरत होते. मी फाटकाकडे वळलेसुद्धा.

“न्हाई बाबा,” आबा त्याला म्हणाले. “कागदावर वाट न्हाई.”

आणि चालायला लागले. मी इतकी संतापले होते की ते मोजत असताना मुद्दाम त्यांच्याशी बोलत राहिले. कायद्याचे पुतळे कुठले, असंही मी म्हणाले. चिंचोके मात्र एका खिशातून दुसऱ्या खिशात जात राहिले. वर पोचल्यावर त्यांनी खिसा पालथा केला. सेहेचाळीस.

वाडीत हौसाबाईंचं घर पहिलं. साठी ओलांडलेली, ताठ कण्याची बाई. उमेदवार म्हणून कुणी वरपर्यंत चढून आलेलं तिने पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिने आम्हाला घोंगडीवर बसवलं, चहा टाकला. नेहमीचा प्रश्न विचारायची वेळच आली नाही. पूर्वी आम्ही सरळ उतरत होतो, तिने सांगितलं. आता जिथे हिरवळ आहे तिथून पायवाट होती, तिच्या सासूच्या सासूपासूनची. मग जमीन विकली गेली, मोजणी झाली, कुंपण पडलं. वाडीने तक्रार केली तेव्हा कचेरीत सांगितलं गेलं की मोजणीच्या नकाशात वाटच नाही. तिची नात सुमी मागे भांडी घासत होती. चौथीपर्यंत वाडीत शाळा होती, पुढची शाळा गावात. तीन वर्षं पोरीने तो वळसा दोन्ही वेळा घातला. सातवीनंतर घरच्यांनीच नको म्हटलं, कारण सोंडेपलीकडचा पट्टा निर्जन आहे आणि पोर मोठी झाली होती.

“त्यो मोजनीवाला येकदा दिसू दे मला,” हौसाबाई म्हणाली. “डोळे व्हते का त्येला, येवढंच इचारनार हाये.”

आबाही मोजणी खात्यातलेच, त्यांना त्या माणसाचा पत्ता लागू शकेल, असं मी म्हणणार होते. माझं तोंड उघडलं तेवढ्यात आबांनी आणखी एक कप चहा मागितला. आबा दुसरा चहा कधीच घेत नसत.

त्यानंतर आमचं एकदाच भांडण झालं, जाहीरनाम्याचा अंतिम मजकूर करताना. आबांनी पहिला मुद्दा सांगितला: बंद झालेल्या वाटा खुल्या करणे, उंबरटेकापासून सुरुवात. मी वही पुढे केली. उपकेंद्राचे चिंचोके याच्या दुप्पट होते. तुमच्याच नियमाने नर्स पहिली येते, मी म्हटलं, आणि वाटांसाठी कुणी मत देत नाही, दवाखान्यासाठी देतात. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, “ह्यो चिंचोक्याच्या भायेरचा हाये, बाई. ह्यो पयला.” मला वाटलं, हौसाबाईच्या चहाला जागतायत.

प्रचार संपायच्या दिवशी दुपारी चार वाजता उंबरटेकाच्या खालच्या गावात, देवळासमोरच्या पटांगणात त्यांची सभा होती. त्यांची ही एकुलती एक सभा. माईक भाड्याने आणलेला. पन्नासेक माणसं, त्यात वाडीवरची दहा-बारा. हौसाबाई पुढे बसलेली. राखणदारही कडेला उभा होता. आबांनी मी लिहिलेला कागद वाचायला घेतला. नर्स, एसटी, रस्त्याची मोकळी बाजू. लोक माना डोलवत होते. मला माझ्या वाक्यांचा अभिमान वाटत होता, हे कबूल करते. मग ते म्हणाले की पहिला मुद्दा मी शेवटी ठेवलाय. कागदाची घडी करून खिशात घातली आणि डोक्यावरची टोपी काढली. त्यांना टोपीशिवाय मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“ह्या जमिनीची मोजनी म्या केली,” ते म्हणाले.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक होतेय. माईक खरखरत होता. पण ते सावकाश, एकेक शब्द सुटा बोलत होते. बावीस वर्षांपूर्वीचा मे महिना. नवीन मालकाच्या माणसांनी दुपारी आमरसाचं जेवण घातलं. कुणी दबाव आणला नाही, कुणी काही दिलं नाही. जेवण जड झालं, ऊन होतं, ते झाडाखाली आडवे झाले आणि झोप लागली. जागे झाले तेव्हा दिवस कलला होता. खालच्या बाजूच्या खुणा मापून झाल्या होत्या. वरच्या उतारावर ते चढलेच नाहीत. जुन्या मोजणीच्या कागदावरून रेघा उतरवल्या, आणि वाटेच्या रकान्यात लिहिलं, ‘जागेवर वाट आढळली नाही’. खाली लिहिलं, ‘समक्ष फिरून पाहिले’. आणि सही केली.

“जागेवर ग्येलोच न्हाई, तर वाट आढळंल कशी?” आबा म्हणाले.

पुढच्या वर्षी त्या बाजूला आले तेव्हा कुंपण दिसलं. तेव्हाच सांगता आलं असतं. पण बढतीचं चालू होतं आणि चूक सांगितली असती तर चौकशी लागली असती. आज सांगू, उद्या सांगू करत नोकरी संपली. निवृत्त झाल्यावर अर्ज केले, एकामागून एक. रेकॉर्ड बरोबर आहे, खाली तुमचीच सही आहे, असं त्यांना त्यांचंच लिहिलेलं दाखवण्यात आलं. हे सगळं सांगून त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. स्वतःच्या अक्षरात, तारखेसह, सहीसह लिहिलेला जबाब. तो त्यांनी माईकवर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि सरपंचांच्या हातात दिला.

ते चिंचोके, ती पावलं, ‘जवळ’ या शब्दावरचा राग, फाटकातून न जाणं. वर्षानुवर्षं ज्याला आम्ही खूळ म्हणून हसलो ते एकाएकी माझ्यापुढे दुसरंच होऊन उभं राहिलं. मला उठून निघून जावंसं वाटत होतं.

हौसाबाई उभी राहिली. ओरडली नाही. तिने विचारलं, “आमच्या घरी बसून दोन कप च्या पिलात. तवा का न्हाई बोललात?”

“धीर झाला न्हाई,” आबा म्हणाले.

“माज्या सुमीची साळा ग्येली.”

“व्हय.”

“मग आता मतं कोन्या तोंडानं मागता?”

“मत मागत न्हाई. मला कुनी मत द्यायचंच न्हाई,” आबा म्हणाले. “अर्ज टेबलावर हरवतो, हौसाबाई. चार मानसांत बोललेलं हरवत न्हाई. उमेदवार झाल्याबिगर माईक कोन देतो?”

ती पदर खोचून, वाडीच्या बायकांना घेऊन चालू लागली. अर्थात वळसा घालून. त्यानंतर हळूहळू सगळेच उठले.

परतीच्या रिक्षात मी आबांना नाही नाही ते बोलले. महिनाभर तुमच्याबरोबर उन्हातान्हात हिंडले, मला एका शब्दाने सांगितलं नाहीत, असं म्हटलं. मग तो बाकीचा जाहीरनामा काय नुसता देखावा होता का, असंही विचारलं. देखावा नव्हता, तो प्रत्येक मुद्दा चालून लिहिलेला होता, ते म्हणाले. पुढच्याला उपयोगी पडेल. त्यांचा आवाज अगदी साधा होता. मी मात्र घरी आल्यावर देवासमोर दिवा लावताना एकदम रडायला लागले, आणि हे कुणासाठी, ते मला कळेना.

निकाल व्हायचा तसाच झाला. अनामत गेली. मी आबांना मत दिलं होतं, रागाच्या भरात का होईना. सर्वांत मोठा धक्का मला बसला तो याचा, की त्या गावात, वाडी धरून, आबांना एकही मत पडलं नव्हतं. मी हे त्यांना कसं सांगावं या विचारात होते, तर ते स्वतःच सांगत आले. “बगा बाई, येक तरी गोष्ट माजी ऐकली त्येंनी,” म्हणाले, आणि त्या महिन्याभरात पहिल्यांदा हसले.

पण जबाब खरंच हरवला नाही. वाडीने तो अर्जाला जोडला. चार माणसांत वाचलेला कागद, सरपंचांची पोच, ऐकणाऱ्या पन्नास जणांच्या सह्या. हेलपाटे पुष्कळ झाले, एक पावसाळा गेला, दुसरा गेला, आणि फेरमोजणीचा आदेश निघाला. मोजायला आलेला मोजणीदार तरणा होता. मालकाच्या माणसांनी रिवाजाप्रमाणे जेवण सांगितलेलं होतं. आबा तिथे हजर होते, हे मला राखणदाराने सांगितलं. त्यांनी हिरवळीच्या कडेला गवत खरवडून झिजलेल्या दगडांच्या तीन पायऱ्या दाखवल्या आणि त्या तरुणाला एवढंच म्हणाले, “आदी चाल. मग जेव.” तो आधी चालला.

वाट खुली झाली त्या दिवशी हौसाबाईने मला बोलावणं पाठवलं. आबांना धाडलं होतं की नाही ठाऊक नाही. त्या सभेनंतर तिने त्यांचं नाव घेणं सोडलं होतं. बोलायची वेळ आलीच तर ‘त्यो मोजनीवाला’ म्हणायची. पण आबा आले. कुंपणात जागा पाडून दोन्ही बाजूंनी तारा ठोकलेली, दोन माणसं शेजारून जातील एवढी वाट. नारळ फोडला एका म्हातारीने. वाडीची पोरं दप्तरं घेऊन वर-खाली धावत होती. सुमी आता सोळा वर्षांची; ती दप्तराशिवाय, एका कडेला उभी होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सगळं काही परत मिळत नाही, हे त्या क्षणी तिथे प्रत्येकाला दिसत होतं.

राखणदार हसून म्हणाला, आबा, आता तर कागदावर वाट आहे, चला. आबांनी मला पुढे व्हायची खूण केली. मी हौसाबाईच्या मागून चढायला लागले. मलाही सवय लागली होती. मी पावलं मोजत होते. सहाशे भरली आणि घोंगडी टाकलेलं अंगण आलं. सहा चिंचोके. वळून पाहिलं तर आबा मागे नव्हते.

खाली रस्त्यावर, सोंडेच्या बाजूला, त्यांची पांढरी टोपी दिसत होती. एकटेच, ठरल्या चालीने, वळसा घालून. मध्येच उजवा हात खिशात गेला आणि डावीकडे आला. मी हाक मारणार होते, पण मोजताना बोललेलं त्यांना खपत नसे. मी त्यांना नंतर गल्लीत पाहिलं, अंथरुणावर पाहिलं. तरी आबा म्हटलं की मला दिसतात ते तिथे, त्या सोंडेवर.

आत सुमीने चहा गाळायला घेतला होता. कप मांडलेले होते. हौसाबाईने उंबऱ्यातून सोंडेकडे पाहिलं, मांडलेल्यातला एक कप उचलून बाजूला ठेवला आणि सुमीला म्हणाली, “आबांचा च्या मागनं टाक. त्ये लांबनं येत्यात.”